मोजलेलं पाणी

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर दिवसा शाळेत रसायनशास्त्र शिकवत आणि पहाटे नगरपालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवत. पहिली बॅच पाण्यात उतरण्याआधी ते तलावाचं पाणी परीक्षानळीत घेऊन रंग पाहत. रंग पटला नाही, तर त्या दिवशी काठावरचा व्यायाम होई, पाण्यात कोणी उतरत नसे. तलावाच्या पाण्याचा विषय मी या वर्षी मागून घेतला तो त्यांच्यामुळेच.

माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत गेली. पिण्याच्या पाण्यावर बोलायला मला पुष्कळदा बोलावतात. पोहण्याच्या पाण्याबद्दल कोणी विचारत नाही. खरं तर हे काम जास्त अवघड आहे. नळाचं पाणी एकदा शुद्ध होतं, घरात येतं, वापरलं जातं आणि निघून जातं. तलावाचं पाणी जागच्या जागी राहतं. त्यात रोज शेकडो माणसं उतरतात, ऊन पडतं, धूळ पडते, आपण औषधं टाकतो, आणि तेच पाणी दुसऱ्या सकाळी पुन्हा मुलांच्या नाकातोंडात जातं. जे काही त्यात पडलं, त्याचा हिशेब ते पाणी ठेवतं. आपण ठेवतो का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

जगानं पाहिलेल्या एका उदाहरणापासून सुरुवात करतो. ऑगस्ट २०१६, रिओ द जानेरो, ऑलिंपिक. तिथल्या जलक्रीडा केंद्राला मारिया लेंक यांचं नाव आहे. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या या ब्राझीलच्या जलतरणपटू ऑलिंपिकला जाणाऱ्या दक्षिण अमेरिकेतल्या पहिल्या महिला. नव्वदी ओलांडल्यावरही त्या रोज पोहत, आणि २००७ मध्ये त्यांचा अंत पोहतानाच झाला. त्यांच्या नावाच्या या केंद्रात ८ ऑगस्टला सूर मारण्याच्या तलावाचं पाणी निळंशार होतं. ९ ऑगस्टला ते हिरवं झालं. महिलांची दहा मीटरची जोडी-स्पर्धा त्या हिरव्या पाण्यातच पार पडली. शेजारी वॉटर पोलोचा तलाव होता. दुसऱ्या दिवशी तोही हिरवा पडू लागला. मग क्लोरीन वाढवला, तर खेळाडू डोळे चुरचुरत असल्याची तक्रार करू लागले.

कारणं एकामागून एक बदलत गेली. आधी आयोजक म्हणाले, पाण्याची अल्कलिनिटी घसरली. आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघ म्हणाला, शुद्धीकरणाची काही रसायनं संपली होती आणि सामू नेहमीच्या मर्यादेबाहेर गेला होता. अल्कलिनिटी आणि सामू या दोन्ही शब्दांकडे पुढे येतो. शेवटी खरी गोष्ट बाहेर आली. ५ ऑगस्टला, म्हणजे उद्घाटनाच्याच दिवशी, एका कंत्राटदारानं पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. पेरॉक्साइड स्वतःही जंतुनाशक आहे, त्यामुळे ओतणाऱ्याला आपण पाणी जास्त शुद्ध करतोय असंच वाटलं असेल. पण पेरॉक्साइड आणि क्लोरीन एकाच पाण्यात नांदत नाहीत. दोघांची गाठ पडली की ऑक्सिजन निघून जातो, साधं क्लोराइड मागे उरतं आणि जंतू मारण्याची ताकद संपते. एक किलो शुद्ध पेरॉक्साइड सुमारे दोन किलो क्लोरीन खाऊन टाकतं. पाण्यातला जादा क्लोरीन काढायचा असला की आम्ही प्रयोगशाळेत याच गुणाचा उपयोग करतो. रिओत उघड्या आभाळाखालच्या कोमट पाण्याचा रक्षकच नाहीसा झाला आणि शेवाळाला चार दिवस मोकळं रान मिळालं.

पुढे त्याच वॉटर पोलोच्या तलावात कलात्मक जलतरणाची स्पर्धा होती. पाण्याखालच्या हालचाली परीक्षकांना स्पष्ट दिसल्या पाहिजेत. म्हणून आयोजकांनी एका रात्रीत सुमारे ३७ लाख लिटर पाणी काढून टाकलं आणि सरावाच्या तलावातलं पाणी तिथं आणून भरलं. ऑलिंपिकचा खर्च होता, शेजारी दुसरा भरलेला तलाव होता, म्हणून ते जमलं.

आता त्याच वर्षीच्या एप्रिलमधलं आपलं चित्र आठवा. १२ एप्रिल २०१६ ला ‘जलदूत’ ही पाण्याची पहिली आगगाडी मिरजेहून दुष्काळी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आपल्या तालुक्याच्या गावांत जे तलाव असतात, ते साधारण २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल. गुणाकार करा : ४५० घनमीटर, म्हणजे साडेचार लाख लिटर. असा एक तलाव हिरवा पडला म्हणून आपण रिकामा करतो, तेव्हा जवळजवळ तेवढी एक आगगाडी गटारात सोडतो. कितीतरी ठिकाणी दर उन्हाळ्यात हे घडतं आणि कोणाला त्यात गैर वाटत नाही. ‘पाणी बदललं’ असा फलक लागतो आणि लोक समाधान मानतात. मला त्याचं दुःख होतं. पाण्याची रोजची नोंद ठेवली आणि वेळेवर थोडं थोडं दुरुस्त केलं, तर तेच पाणी फार मोठा काळ टिकतं. गाळणी उलटी धुताना जाईल तेवढं आणि उन्हानं उडेल तेवढंच नवं लागतं.

हे कसं, ते समजायचं तर आधी क्लोरीन म्हणजे काय ते नीट पाहू. टीसीएल पावडर टाका, लिक्विड क्लोरीन ओता, नाहीतर गोळ्या सोडा. पाण्यात शिरल्यावर या सगळ्यांचं एकच होतं. काही भाग हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात राहतो, काही हायपोक्लोराइटच्या. पहिल्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते जंतूच्या आवरणातून सहज आत घुसतं. दुसऱ्यावर ऋण भार असतो आणि त्याला आत शिरणं जड जातं. जंतू मारण्यात पहिलं दुसऱ्याच्या कित्येक पट पुढे आहे. दोघांचं प्रमाण ठरवतो तो पाण्याचा सामू. शेतकरी मंडळींना हा शब्द माती परीक्षणाच्या पत्रकातून ओळखीचा आहे. प्रयोगशाळेत त्यालाच पीएच म्हणतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी बसवली. सात म्हणजे उदासीन, आणि दर एका अंकाला दहा पटींचा फरक.

सामू साडेसात असला की निम्मा क्लोरीन कामाच्या रूपात असतो. आठवर गेला की सुमारे एक चतुर्थांश. साडेआठला दहा टक्क्यांच्याही आत. म्हणजे वहीत ‘क्लोरीन दोन पीपीएम’, म्हणजे लिटरमागे दोन मिलिग्रॅम, लिहिलेलं असेल आणि सामू साडेआठ असेल, तर कामावर हजर फक्त ०.२ पीपीएमच्या आसपास. बाकीचा नुसता हजेरीपटावर. म्हणून क्लोरीनचा आकडा सामूशिवाय सांगणं मी अर्धवट मानतो. सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवावा असं सर्वत्र मानलं जातं. डोळ्यांतल्या पाण्याचा सामूही साधारण ७.४ असतो, त्यामुळे या पट्ट्यातलं पाणी डोळ्यांना झोंबत नाही. सामू सातच्या खाली घसरला तर क्लोरीन जोरात काम करतो हे खरं. पण मग फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट विरघळू लागतं, लोखंडी शिडी आणि पंपाचे भाग गंजतात, अंगाची आग होते.

सामू हाताळताना मात्र त्याच्याकडे एकट्याकडे पाहून चालत नाही. त्याच्या मागे अल्कलिनिटी उभी असते. पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट आणि त्यांची भावंडं म्हणजे अल्कलिनिटी. घरात शिल्लक असली की अचानक आलेला खर्च निभावतो, तसं हे बायकार्बोनेट पाण्यात आलेलं आम्ल किंवा अल्क सोसून घेतं आणि सामूला हलू देत नाही. ८० ते १२० पीपीएम अल्कलिनिटी तलावाला पुरते. ती कमी असली की थोडंसं ॲसिड पडलं तरी सामू धाडकन खाली येतो, थोडा सोडा पडला की वर उडी मारतो. फार वाढली की उलटा त्रास. सामू वरवर सरकत राहतो आणि ॲसिड कितीही ओता, खाली राहत नाही. ती कमी असेल तर खाण्याचा सोडा टाकावा, त्यानं अल्कलिनिटी वाढते आणि सामू फारसा हलत नाही. धुण्याच्या सोड्यानं दोन्ही वाढतात. हे दोन सोडे एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि मग आठवडाभर पाणी ताळ्यावर येत नाही.

आता आपल्या भागाची खास अडचण. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारं विहिरीचं आणि बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. घरच्या भांड्यांवर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तो या जडपणामुळे. तलाव बहुतेक वेळा याच पाण्यानं भरतो, कारण नदीचं पाणी प्यायला राखलेलं असतं. त्यात आपण टीसीएल घालतो. टीसीएल म्हणजे चुन्यापासून बनवलेली भुकटी. ताजी असताना तिच्यात तिसरा हिस्सा क्लोरीन. बाकी कॅल्शियम आणि उरलेला चुना. म्हणजे क्लोरीनबरोबर आपण रोज जडपणा टाकतो आणि सामूही वर ढकलतो. त्यावर एप्रिल-मेचं ऊन : पाणी उडतं, क्षार मागे राहतात. मग टँकरचं जड पाणी घालून पातळी भरतात. दोन महिन्यांत पाणी दुधाळ दिसायला लागतं, फरशीला हात लावला की खरखरीत लागते, आणि गाळणीतली वाळू चुन्यानं एकमेकीला चिकटून तिचे गठ्ठे होतात. गठ्ठ्यांच्या मधून पाणी न गाळताच निघून जातं. लोक म्हणतात, फिल्टर बिघडला. फिल्टर बिचारा अखेरपर्यंत सोसत होता. बिघडलेलं होतं पाण्याचं गणित.

हे गणित मांडणारा माणूस तलावाचा नव्हता. विल्फ्रेड लँगेलिअर हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होते आणि त्यांना चिंता होती शहराच्या नळांची. पाणी लोखंडी नळ खातं कधी आणि त्यात चुन्याचा थर बसवतं कधी, हे आधीच कळावं म्हणून त्यांनी १९३६ मध्ये एक निर्देशांक मांडला. सामू, तापमान, कॅल्शियमचा जडपणा, अल्कलिनिटी आणि विरघळलेले क्षार, या सगळ्यांचा त्यात एकत्र विचार आहे. उत्तर शून्याच्या जवळ आलं तर पाणी तृप्त. ऋण आलं तर ते भुकेलं. सिमेंट, फरशी, धातू, मिळेल तिथून चुना आणि लोह ओढून घेईल. धन आलं तर त्याला जे जास्त झालं ते थरांच्या रूपात बाहेर टाकेल. तलावाच्या पाण्याचा समतोल म्हणतात तो हाच. यातला एकही आकडा एकट्यानं चांगला किंवा वाईट नसतो. जडपणा थोडा जास्त असेल तर सामू आणि अल्कलिनिटी जरा खालच्या बाजूला ठेवून पाणी तृप्त ठेवता येतं. जड पाण्याच्या गावांना हाच मार्ग आहे, आणि टीसीएलऐवजी लिक्विड क्लोरीन वापरण्याचा. त्यातून मागे मीठ राहतं, चुना नाही. टीसीएलच वापरायची तर पावडर थेट तलावात उधळू नये. बादलीत कालवावी, साका खाली बसू द्यावा आणि वरची निवळी घ्यावी. विहिरीत टीसीएल टाकणाऱ्या आपल्या प्रत्येक जलसुरक्षकाला हे माहीत आहे. तलावावर मात्र मी पिशव्या थेट रिकाम्या होताना पाहिल्या आहेत.

आता वासाबद्दल. आमच्याकडे तक्रार येते ती अशी : “साहेब, तलावाला क्लोरीनचा फार वास येतो, डोळे लाल होतात, क्लोरीन कमी करायला सांगा.” आणि ऑपरेटर क्लोरीन कमी करतो. इथं फार मोठी फसगत आहे. नीट राखलेल्या तलावात क्लोरीन असूनही वास जवळजवळ येत नाही. उग्र वास येतो तो क्लोरामाइनचा. घाम आणि लघवीतून येणारे युरिया आणि अमोनिया क्लोरीनशी जुळले की क्लोरामाइन तयार होतात. त्यातला ट्रायक्लोरामाइन पाण्यातून हवेत उडतो आणि डोळ्यांत, घशात, दम्याच्या रुग्णाच्या छातीत शिरतो. म्हणजे वास येतो तेव्हा मोकळा, म्हणजे मुक्त क्लोरीन कमी पडलेला असतो आणि क्लोरामाइनमध्ये गुंतलेला वाढलेला असतो. उपाय क्लोरीन कमी करण्याचा नाही, रात्री तलाव बंद झाल्यावर एकदम भरपूर देऊन ती गुंतवळ तोडण्याचा आहे. हिशेब सोपा आहे. एकूण क्लोरीन १.८ आणि मुक्त १ पीपीएम असेल, तर गुंतलेला ०.८. त्याच्या दहा पट, म्हणजे ८ पीपीएम द्यायचा. आपल्या साडेचार लाख लिटरच्या तलावात १ पीपीएमला ४५० ग्रॅम क्लोरीन लागतो. ८ पीपीएमला ३,६०० ग्रॅम. तीस टक्क्यांची टीसीएल असेल तर १२ किलो. नंतर मुक्त क्लोरीन नेहमीच्या पातळीला उतरेपर्यंत कोणाला पाण्यात सोडायचं नाही.

पण एकूण किती आणि मुक्त किती, हे वेगळं कळलं तरच हा हिशेब होईल. ग्रामपंचायतीत आपण ओटी टेस्ट करतो. थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. नळाच्या पाण्याला ती पुरते. तलावात ती दगा देते, कारण गुंतलेला क्लोरीनही तिच्यात पिवळाच दिसतो. ऑपरेटर पिवळा रंग पाहून निर्धास्त होतो आणि पाण्यात जंतू मारणारं काहीच नसतं. तलावावर डीपीडीच्या गोळ्यांचीच चाचणी हवी. पहिली गोळी मुक्त क्लोरीन गुलाबी रंगात दाखवते. त्याच नळीत तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकली की रंग आणखी गडद होतो, तो एकूण. दोन्हींतला फरक म्हणजे गुंतलेला. ही पद्धत इंग्लंडच्या आर्थर पालिन यांनी १९५७ मध्ये दिली, आणि आजही तिच्याइतकी सोपी आणि स्वस्त चाचणी माझ्या पाहण्यात नाही.

पोहणाऱ्यांनाही इथं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये तलावांचं पाणी तपासलं. शीतपेयांत घालतात तो ॲसिसल्फेम हा गोड पदार्थ शरीरात न पचता लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो. पाण्यात तो किती सापडतो त्यावरून त्यांनी अंदाज केला : ८.३ लाख लिटरच्या एका तलावात सुमारे ७५ लिटर लघवी. आपल्याकडे कोणी मोजलेलं नाही म्हणून आपण वेगळे आहोत असं मानायला कारण नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी शॉवरखाली एक मिनिट अंग धुतलं तर घाम आणि मळ बराचसा बाहेरच राहतो. मुलांच्या डोक्याला खोबरेल चोपडून त्यांना तलावावर पाठवू नका. काठाच्या रेषेवर जो काळपट चिकट पट्टा दिसतो, त्यात या तेलाचा वाटा मोठा असतो आणि ते जाळायलाही क्लोरीन खर्ची पडतो. ज्या मुलाला जुलाब होत आहेत, त्याला तर पूर्ण बरं होईपर्यंत पाण्यात पाठवूच नका. जुलाब करणारे बहुतेक जीवाणू १ पीपीएम मुक्त क्लोरीनमध्ये मिनिटाभरात मरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्याच पाण्यात दहा दिवसांहून जास्त जगतो.

ऊन हा आपल्या तलावांचा दुसरा मोठा खर्च. उघड्या तलावातला क्लोरीन दुपारच्या उन्हात दोन तासांत बहुतेक सगळा नाहीसा होतो. त्याला धरून ठेवायला सायन्यूरिक आम्ल वापरतात, आणि ट्रायक्लोरच्या गोळ्यांमध्ये ते आधीच असतं. गोळी तरंगत्या भांड्यात सोडली की काम झालं, म्हणून सोसायट्यांच्या तलावांवर या गोळ्या लाडक्या आहेत. पण क्लोरीन उडून जातो आणि सायन्यूरिक आम्ल पाण्यातच राहतं. गोळीतून १० पीपीएम क्लोरीन मिळाला की ६ पीपीएम सायन्यूरिक मागे उरतं. रोज २ पीपीएमच्या हिशेबानं महिन्याला ३६, तीन महिन्यांत शंभराच्या वर. ३० ते ५० पर्यंत ते उपयोगी; त्यापुढे ते क्लोरीनला इतकं घट्ट धरतं की चाचणीत क्लोरीन भरपूर दिसतो आणि तलाव हिरवा पडतो. क्लोरीन आणि सामूचा आधीचा हिशेबही अशा पाण्यात तसाच्या तसा लागू होत नाही. जास्त झालेलं सायन्यूरिक कमी करायचं तर व्यवहारात एकच मार्ग : पाणी काढा आणि नवं भरा. दुष्काळी भागात मी या गोळ्या रोजच्या वापराला सुचवणार नाही. पाऊस, सुट्ट्या, ऑपरेटर रजेवर, अशा वेळी थोड्या दिवसांपुरत्या ठीक. छताखालच्या तलावात तर त्यांचं कामच नाही.

आणि मोरचूद. शेवाळ दिसलं की मोरचूद टाकायची सवय जुनी आहे. त्यानं शेवाळ मरतं हे खरं. पण तलावात हिरवं दिसणं हा इशारा असतो : इथं जंतू मारायला क्लोरीन उरलेला नाही. मोरचूद तो इशारा पुसतं आणि उणीव तशीच ठेवतं. दिसायला नितळ आणि आतून निराधार, असं पाणी मला हिरव्या पाण्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबामुळे होणाऱ्या मेंदुज्वराचे रुग्ण आढळले, त्यांत लहान मुलंही होती. तो अमीबा कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूत जातो. पुरेशा मुक्त क्लोरीनपुढे तो टिकत नाही.

गढूळ पाण्याविषयी एकच घटना सांगतो. जून २०११ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, फॉल रिव्हर गावच्या सरकारी तलावात एक महिला बुडाली. पाणी इतकं गढूळ होतं की तळ दिसत नव्हता. तिचा मृतदेह दोन दिवस तळाशी होता आणि त्या दोन दिवसांत तलाव सुरू होता, लोक पोहत होते. काठावर जीवरक्षक असूनही त्याला दिसलंच नाही, तर तो वाचवणार कोणाला? तळावरची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर बाकी सगळे आकडे कितीही चांगले असोत, तलाव त्या क्षणी बंद झाला पाहिजे. गढूळपणा घालवायला तुरटी चालते, पण सामू आठाच्या वर असेल तर ती नीट बसत नाही आणि तिच्यामुळे अल्कलिनिटी खर्च होते. म्हणून आधी सामू, मग तुरटी, मग रात्रभर शांत पाणी आणि सकाळी तळाचा गाळ ओढून बाहेर.

रसायनांच्या खोलीबद्दलही बोललं पाहिजे, कारण तिथं माणसं मरतात. जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कासारवाडीतल्या महापालिकेच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली आणि पोहायला आलेल्यांना रुग्णालयात हलवावं लागलं. ॲसिड आणि क्लोरीनची कोणतीही पावडर किंवा द्रव एकत्र आले की हाच वायू तयार होतो. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि टीसीएल एकाच भांड्यात ओलसर झाल्या तर स्फोटही होऊ शकतो. प्रत्येकाची बादली वेगळी, माप वेगळं, कपाट वेगळं. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. तोंडावर साधा रुमाल बांधून ॲसिड ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. हातमोजे, चष्मा आणि योग्य मास्क त्यांना मिळालाच पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे.

ही माणसं कोण असतात? बहुतेक ठिकाणी कंत्राटावरचा एक पंप ऑपरेटर, ज्याला आधीच्या ऑपरेटरनं जे सांगितलं तेवढंच ठाऊक. ‘दोन डबे पावडर, एक कॅन ॲसिड’ असं पाठ केलेलं प्रमाण तो रोज टाकतो. रविवारी पोहणारे चौपट असले तरी तेच, पावसाळ्यात पाणी पातळ झालं तरी तेच. त्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याला चाचणीची पेटी कोणी दिली? तलावाचं घनफळ किती हे कोणी सांगितलं? पोहण्याच्या तलावातल्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ३३२८. ते किती तलावांच्या कार्यालयात आहे? मी गेलो त्या ठिकाणी ऑपरेटर मन लावून ऐकतात, गणित पटकन शिकतात आणि दोन महिन्यांत टीसीएलचा खप कमी करून दाखवतात. उणीव त्यांच्या बुद्धीची नाही, आपण त्यांच्यापर्यंत ज्ञान पोहोचवलं नाही याची आहे.

म्हणून या व्यासपीठावरून माझी मागणी आहे, आणि नगरपालिकेचे पदाधिकारी समोर बसले आहेत म्हणून ती थेट करतो. उन्हाळी बॅच सुरू होण्याआधी आपल्या तलावाला डीपीडी आणि सामूची चाचणी पेटी द्या, अल्कलिनिटी आणि जडपणा महिन्यातून दोनदा तपासायची सोय करा, ऑपरेटरला प्रशिक्षणाला पाठवा आणि तो परत आल्यावर त्याला कायम करा. प्रवेशद्वाराशी एक फळा लावा. त्यावर रोज प्रत्येक बॅचआधी चार गोष्टी लिहिल्या जाव्यात : मुक्त क्लोरीन, गुंतलेला क्लोरीन, सामू, आणि तळ दिसतो की नाही. श्रोतेहो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. मुलाला तलावावर सोडायला जाल, तेव्हा तो फळा वाचा. मुक्त क्लोरीन १ पीपीएमच्या खाली असेल, सामू ७.८ च्या वर असेल, किंवा फळाच कोरा असेल, तर त्या दिवशी मुलाला पाण्यात उतरवू नका, आणि कारण कार्यालयात जाऊन सांगा.